आधी हमी भरा, मग बोला

कपड्याला खळ किती घालायची यावरून कडकबाईंचं गिऱ्हाइकांशी रोज वाजायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, जरा मऊ ठेवा. बाई म्हणायच्या, मऊ हवं असेल तर घरी धुवा. त्यांच्या लाँड्रीतला नॅपकिन टेबलावर उभा केला तर वाऱ्यानंही पडत नाही, अशी चेष्टा होती, आणि त्या चेष्टेतूनच हे नाव त्यांना चिकटलं. स्वभावालाही शोभत होतं, म्हणून निघालं नाही.

मी त्यांच्याकडे रफूला होते. शेडच्या मागच्या खिडकीशी माझं शिलाई मशीन. उसवलेले अभ्रे, फाटलेल्या चादरी, सिगारेटनं भोकं पडलेले टेबलक्लॉथ माझ्याकडे यायचे. माझ्या जागेवरून सगळी शेड दिसायची. डावीकडच्या दारानं मळके गठ्ठे आत यायचे, मग धुण्याची यंत्रं, मग ड्रायर, मग इस्त्रीची टेबलं, आणि उजवीकडच्या दारानं धुतलेले गठ्ठे बाहेर. मळक्याची आणि धुतलेल्याची गाठ पडू द्यायची नाही, हा बाईंचा नियम. लाँड्री काढण्याआधी त्या एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखात्यात होत्या. तिथून त्या हा नियम घेऊन आल्या, आणि साहेबलोकांच्या आवाजाला न घाबरण्याची सवयही.

नवरा अकाली गेला. मागे राहिली त्याची थोरली बहीण, आमच्या ताई. ताईंनी लग्न केलं नव्हतं. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ड्रायव्हर लोकांवर ओरडण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती, त्यामुळे घरातही त्या रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलल्यासारख्या बोलायच्या. लोक त्यांना म्हणाले, आता भाऊच राहिला नाही, भावजयीशी काय संबंध? ताई म्हणाल्या, "भाऊ गेला. भावजय कुठं गेलीय? ही काय, समोर बसलीय." दोघींनी मिळून घर घेतलं, लाँड्री काढली, छोटी कंपनी नोंदवली, निम्मी हिची, निम्मी तिची. बाई शेड सांभाळायच्या, ताई व्हॅन चालवायच्या. दोघींचं पटत नाही हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. दोघी वेगळ्या होणार नाहीत, हेही माहीत होतं.

काम बेताचं, पण बारमाही. एक दाताचा दवाखाना, दोन सलून, स्टेशनजवळचं लॉज, चारदोन खानावळी. आणि मग एक दिवस हॉटेलवाले आले.

हॉटेलवाले म्हणजे त्यांचे खरेदीसाहेब. चकचकीत बूट, गोड बोलणं. शहरातल्या त्यांच्या तीन हॉटेलांचं सगळं धुणं आम्हाला द्यायचं म्हणत होते, पाच वर्षांच्या करारानं. दोन अटी. मोठी यंत्रं बसवायची, आणि बाकीची गिऱ्हाइकं सोडायची, म्हणजे त्यांच्या मालाला उशीर नको. बाईंनी करार वकिलाकडून वाचून घेतला, बँकेचं कर्ज काढलं, आणि एकेका जुन्या गिऱ्हाइकाकडे स्वतः जाऊन सांगितलं. लॉजवाले म्हातारे होते. ते म्हणाले, "बाई, हत्तीवर बसताय, खुशाल बसा. पण उतरायची शिडी हत्तीवाल्याकडे असते, एवढं ध्यानात ठेवा."

वर्षभर काम जोरात चाललं. मधेच हॉटेलनं एक सुपरवायझर पाठवला, 'दर्जा बघायला'. तो दिवसभर इस्त्रीच्या टेबलांपाशी उभा असायचा, मोबाईलवर फोटो काढायचा, कुठली पावडर, किती ताप, कुणाचा हात चांगला, सगळं विचारायचा. आम्हाला वाटलं, कामाचा माणूस आहे. तो गेला आणि पाठोपाठ नोटीस आली. चादरींवर डाग राहतात, माल उशिरा येतो, सबब करार रद्द. त्याच आठवड्यात कळलं की हॉटेलच्या तळघरात त्यांची स्वतःची लाँड्री सुरू झाली आहे, आणि आमच्या हातच्या चांगल्या इस्त्रीवाल्या तिथं कामाला लागल्या आहेत.

बाईंनी नोटीस वाचली आणि ताईंना म्हणाल्या, "वन्सं, व्हॅन काढा." दोघी हॉटेलात गेल्या. बाईंचं मागणं एकच होतं. डाग राहिलेली एक चादर दाखवा. त्यांना कोचावर बसवलं, थंड पाणी दिलं आणि परत पाठवलं. चादर काही कुणी दाखवली नाही.

मग दावा लावला. आमच्या वकीलबाई वयानं लहान होत्या. चष्म्याच्या दुकानावर त्यांचं ऑफिस, खोलीभर फायली आणि त्यांना धुळीचं वावडं. एक वाक्य, एक शिंक, असं बोलणं चालायचं. पण डोकं साफ होतं. हॉटेलनं उत्तर दिलं, कागद इकडून तिकडे गेले, तारखा पडल्या. इकडे शेडमधली मोठी यंत्रं बंद पडून होती. दाताचा दवाखाना आणि थोडं घरगुती धुणं तेवढं परत आलं होतं. बँकेचे फोन यायचे. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "कडकबाई कडकीत आल्या वाटतं!" बाईंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "आले. पण तुझी उधारी नाही ना माझ्याकडे? मग हस खुशाल."

जवळजवळ वर्ष असं गेल्यावर हॉटेलनं कोर्टात एक अर्ज टाकला. वकीलबाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. मी गेले, कारण ताईंना जिन्यावर कुणाचा तरी हात लागायचा आणि भावजयीचा त्या घ्यायच्या नाहीत.

"आता हे काय नवीन?" बाईंनी विचारलं.

"ते म्हणतात, तुमच्या कंपनीत आता काही उरलेलं नाही," वकीलबाई म्हणाल्या. "उद्या तुम्ही दावा हरलात, तर त्यांच्या वकिलांचा खर्च तुमच्याकडून वसूल कसा व्हायचा? म्हणून तो खर्च आधीच हमी म्हणून कोर्टात भरा. नाही भरलात, तर दावा पुढे चालणार नाही."

"किती?"

वकीलबाईंनी कागद फिरवून समोर ठेवला. ताईंनी आकडा बघून लांब शिट्टी वाजवली. "एवढ्यात तर त्यांचे वकील आपण ठेवून घेऊ."

बाई हसल्या नाहीत. "म्हणजे आमचं घर यांनी पेटवायचं. आणि आम्ही पाणी मागायला गेलो की म्हणायचं, आधी बादली दाखवा."

वकीलबाई शिंकल्या, नाक पुसलं, आणि म्हणाल्या, "कायदा वाईट नाही हो. समजा, उद्या कुणी एक रिकामी कंपनी काढली आणि तुमच्यावर खोटा दावा ठोकला. तुम्ही वर्षानुवर्षं वकिलाला पैसे देत बसायचं, आणि जिंकल्यावर बघावं तर त्या कंपनीच्या नावावर एक खुर्चीसुद्धा नाही. तेव्हा तुम्हीच म्हणाल ना, आधी हमी भर?"

बाईंनी जरा विचार केला. खोटं त्यांना बोलता यायचं नाही. "म्हणेन," त्या म्हणाल्या. "कायदा बरोबर आहे. पण हातात कुणी घेतलाय आणि घाव कुणावर घालतोय, तेही बघा."

"तेच कोर्टाला दाखवायचंय," वकीलबाई पुढे सरकल्या. "तुमची ही अवस्था त्यांनीच केली, हे पटलं तर कोर्ट हमी मागणार नाही कदाचित. पण त्यासाठी सगळं उघड करावं लागेल. नुसतं कंपनीचं नाही, तुम्हा दोघींचंही. खाती, घर, कर्ज, कोण नातेवाईक मदत करू शकतो, कोणी नाही म्हटलं. शपथेवर. त्यातलं थोडं जरी झाकलं, तरी आपण बुडालो."

बाई उभ्या राहिल्या. "म्हणजे मी कोर्टात जाऊन सांगायचं, मी गरीब आहे म्हणून?"

"एका अर्थी, हो."

"नवरा गेला तेव्हासुद्धा मी कुणापुढे हात पसरला नाही. आता त्या खरेदीसाहेबासमोर पसरू? जमायचं नाही." आणि त्या खाली उतरूनही गेल्या. ताईंना जिन्यावरून उतरवताना मला दर पायरीला एकेक शिवी ऐकावी लागली, भावजयीच्या नावाची.

दोनतीन दिवसांनी खरेदीसाहेब स्वतः शेडवर आले. बंद यंत्रांवर नजर फिरवून म्हणाले, "वाईट वाटतं हो बघून. मी तुमच्या भल्याचं सांगतो. दावा मागे घ्या, आम्हीही सगळं सोडून देतो. एका हॉटेलचे नॅपकिन तुम्हाला देऊ. दुकान चालू राहील. नाहीतरी ती हमी तुमच्याच्यानं भरणं होणार नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे."

बाई टेबलावरची इस्त्री उभी करून त्यांच्याकडे बघत राहिल्या. "साहेब, मला काय झेपेल आणि काय झेपणार नाही, हे तुम्हाला एवढं पक्कं कसं ठाऊक?"

साहेब घड्याळात बघायला लागले.

"मोजूनमापून केलंय म्हणून ना? आधी पाय मोडायचे आणि मग शर्यत लावायची. या आता. दार तिकडे." त्यांनी डावीकडचं दार दाखवलं, मळक्या गठ्ठ्यांचं. साहेब त्याच दारानं गेले.

ते गेल्यावर ताई टेबलापाशी आल्या. "आता तरी प्रतिज्ञापत्र लिहिणार आहेस का?"

"वन्सं, मला लाज वाटते."

"लाज कसली? ही गरिबी काय आपण कमावलीय?" ताईंचा आवाज चढला. "आपण दोघी जेवूनखाऊन सुखी होतो. ही त्यांची वस्तू आहे, त्यांनी आपल्या घरात आणून टाकलीय. त्यांचीच वस्तू त्यांच्या दारात नेऊन आपटायची. त्यात लाज वाटायला काय झालं?"

बाईंनी बराच वेळ इस्त्रीची वायर गुंडाळली. मग म्हणाल्या, "लिहायचं तर सगळं लिहायचं. अर्धवट नको."

आणि खरंच सगळं लिहिलं. बँकेचं कर्ज, मोडलेले दागिने, मदतीला नाही म्हणालेला बाईंचा सख्खा भाऊ. माझा थकलेला पगारसुद्धा त्यात आला. मलाच कसंतरी झालं. बाईंना नाही. त्यांनी सही केली ती कागद फाटेल अशी.

सुनावणीच्या दिवशी आम्ही तिघी मागच्या बाकावर बसलो. खोली लहान, खिडक्या उंच, आणि पंख्याचा आवाज असा की पुढचं ऐकायला मान लांब करावी लागे. समोरचे वकील मोठे सभ्य होते. म्हणाले, "या भगिनींबद्दल आम्हाला पूर्ण सहानुभूती आहे..."

"सहानुभूती नको, चादर दाखवा," बाई पुटपुटल्या. त्यांचं पुटपुटणं म्हणजे बॉयलरशेजारी वीस वर्षं बोलून कमावलेला आवाज. वकीलबाईंनी मागे वळून डोळे मोठे केले.

आमच्या वकीलबाई त्या दिवशी एकदाही शिंकल्या नाहीत. त्यांनी दोनच गोष्टी लावून धरल्या. एक, या कंपनीचा कणा याच हॉटेलनं मोडला, आणि आता तोच मोडका कणा पुढे करून ते दार बंद करू बघताहेत. दुसरी, हमी हवी होती तर पहिल्याच दिवशी मागायची. वर्षभर या बायकांना खर्च करू दिला, आणि खटला उभा राहायच्या वेळी फाटक बंद केलं.

न्यायाधीश ऐकत होते. मग त्यांनी वर बघून विचारलं, "पण कंपनी हरली, तर तिच्या मालकिणी हात झटकून मोकळ्या होणार का? प्रतिवादीची ही काळजी अगदीच गैरवाजवी नाही."

वकीलबाईंनी तोंड उघडण्याआधी आमच्या बाई उभ्या राहिल्या होत्या. "नाही होणार मोकळ्या. आम्ही स्वतः देऊ. घर आहे आमचं. हरलो तर घर घ्या. पण आधी आमचं ऐका तरी."

सगळी खोली वळून बघायला लागली. न्यायाधीश शांतपणे म्हणाले, "आपण खाली बसा. आपलं म्हणणं वकिलांमार्फत मांडा." आणि मग, जरा थांबून, "मात्र मी ते नोंदवून घेतो."

माझ्या शेजारी बसलेल्या ताई एकदम ताठ झाल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं नाही.

हुकूम बाईंच्या बोलण्यावरच बेतलेला आला. वादींची आजची अवस्था प्रतिवादीच्याच वागण्यातून आली असावी, असं प्रथमदर्शनी दिसतं, आणि अर्जही फार उशिरा आला आहे. म्हणून हमीची रक्कम भरायची गरज नाही. परंतु दोन्ही मालकिणींनी लेखी द्यावं की कंपनी हरल्यास खर्चाला त्या स्वतः जबाबदार राहतील, आणि तोवर घर विकणार नाहीत.

बाहेर येऊन आम्ही व्हॅनमध्ये बसलो. ताईंनी चावी लावली, पण फिरवली नाही.

"घर कुणाचं आहे?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"आपलं," बाई म्हणाल्या.

"म्हणजे अर्धं माझं. ते तू उभी राहून देऊन टाकलंस. एकदा माझ्याकडे बघायचं तरी."

"वन्सं, त्या वेळी थांबले असते तर..."

"तर काय, मी नाही म्हणाले असते?" ताई आता वळल्या. मी त्यांना रागावलेलं रोज बघत होते, पण हा राग निराळा होता. "हो म्हणाले असते मी! तेच तर दुखतंय. ते हो म्हणायचा माझा मान तू घेतलास. ते हॉटेलवाले न विचारता करतात आणि तू करतेस, काय फरक?"

त्या खाली उतरल्या आणि बसनं घरी गेल्या. व्हॅन तिथंच. बाईंना चालवता येत नव्हती, मला तर नाहीच.

पुढचे दिवस वाईट गेले. दोघी बोलायच्या, पण माझ्यामार्फत. "रफूवाली, तुझ्या मालकिणीला सांग, व्हॅनमध्ये तेल घालायचंय." "रफूवाली, ताईंना विचार, दवाखान्याचे गाऊन आले का." दोघींच्या मधे जेमतेम एक टेबल असायचं. वकीलबाईंचा फोन आला की मुदत संपत आलीय, सह्या करून कागद पाठवा.

शेवटी एका दुपारी बाई तो कागद घेऊन मळक्या गठ्ठ्यांच्या कट्ट्यापाशी गेल्या. ताई तिथं उशांचे अभ्रे मोजत होत्या. बाईंनी अजून सही केली नव्हती.

"आधी तुम्ही वाचा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला नको असेल तर मीही करत नाही. दावा गेला खड्ड्यात. मी पुन्हा दारोदार फिरून धुणं गोळा करीन."

कडकबाईंच्या तोंडून दावा खड्ड्यात गेला तरी चालेल हे ऐकणारी ताईंखेरीज मी एकटीच. ताईंनी चष्मा लावला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, मागची बाजू कोरी होती तीही उलटून बघितली. मग हातातला अभ्रा बाजूला ठेवून गठ्ठ्यावरच कागद टेकवला आणि भली मोठी सही ठोकली.

"एक सांगते," त्या म्हणाल्या. "आता कोर्टात 'आम्ही' म्हणायची वेळ आली, तर मी म्हणणार."

"म्हणा," बाई म्हणाल्या. "तुमचा आवाजही मोठा आहे."

"तुझ्याहून नाही."

मी खिडकीकडे तोंड करून सुईत दोरा ओवायला लागले. दोरा ओवलेलाच होता.

हमीचं फाटक उघडल्यावर हॉटेलची चाल मंदावली. त्यांचा सगळा भर आम्ही मधेच बसून जाण्यावर होता, हे वकीलबाईंनी नंतर सांगितलं. खटला उभा राहिला. तो सुपरवायझर साक्षीला आला. वकीलबाईंनी त्याला विचारलं, लाँड्रीत फोटो काढायला तुम्हाला कधी पाठवलं? त्यानं तारीख सांगितली. डागांची पहिली तक्रार कधी आली? तीही सांगितली. फोटो आधीचे निघाले, तक्रार नंतरची. डाग असलेली चादर शेवटपर्यंत कोर्टात आली नाही. ताईंना साक्षीत विचारलं, जुनी गिऱ्हाइकं सोडायचा निर्णय कुणाचा होता? ताईंनी "आमचा!" अशा आवाजात म्हटलं की पट्टेवाला दारातून डोकावून गेला.

निकाल आमच्या बाजूनं लागला. करार मोडला तो हॉटेलनं, तोही खोटं कारण दाखवून. यंत्रांचं नुकसान आणि आमच्या वकिलांचा खर्च त्यांनी द्यायचा. मात्र उरलेल्या वर्षांचं सगळं नुकसान कोर्टानं धरलं नाही. वादींनी दुसरी कामं आणखी लवकर शोधायला हवी होती, असं त्यात लिहिलं होतं.

ते वाक्य बाईंना झोंबलं. "शोधली नाहीत मी?" त्या निकालाची प्रत माझ्यापुढे नाचवत म्हणाल्या. "त्या लॉजवाल्यानं किती वेळा परत पाठवलं मला! हे कुणी लिहायचं?" अपील करायचं म्हणून त्या हट्टाला पेटल्या. वकीलबाईंनी समजावलं, ताईंनी दटावलं, तेव्हा कुठे गप्प झाल्या. पटलं नाही त्यांना, आजही पटलेलं नाही. कुणी 'जिंकलात' म्हटलं की त्या लगेच दुरुस्त करतात, "पाऊण."

कर्ज फिटलं. एक मोठं यंत्र विकलं, दुसरं अजून अर्धा दिवस चालतं. माझा थकलेला पगार मला मिळाला, आणि लॉजच्या चादरी परत आल्या.

पैसे जमा झाल्याच्या दिवशी वकीलबाई मुद्दाम शेडवर आल्या होत्या. शिंकत शिंकतच म्हणाल्या, "अभिनंदन, बाई."

"अभिनंदन कशाचं?" बाई म्हणाल्या. "आमचंच होतं ते. परत घेतलं." मग स्वतःची खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली, धुळीपासून लांब, ड्रायरच्या बाजूला, आणि ताईंना ओरडून म्हणाल्या की वन्सं, दवाखान्याचे गाऊन संध्याकाळच्या आत पोचले पाहिजेत, वकीलबाई आल्यात म्हणून काम थांबत नाही.